ट्रूडीचं डावं पेडल

मंगळवार उजाडला की ट्रूडी हॅवलिकला सकाळपासूनच थकवा यायचा. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी मंगळवार म्हणजे शर्यतीचा वार, आणि वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालतानाही तिचं निम्मं चित्त जत्रेच्या मैदानामागच्या मातीच्या ट्रॅकवर असायचं. हल्ली सगळं चित्त चादरींतच असायचं. चादर उचलायची, झटकायची, घडी घालायची, पुढची घ्यायची. त्यात हरण्यासारखं काही नव्हतं.

ट्रूडी एकोणसाठची. बुटकी, खांद्यांनी रुंद, हसली की डोळे गायब होणारी. आणि ती बीएमएक्स चालवायची, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेत पळवायची ती लहान चाकांची शर्यतीची सायकल. परगावच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग "नातवाची का?" असं विचारतो. नातू नव्हता. मुलगा होता, कोरी. तो लहान असताना त्याला घेऊन ती ट्रॅकवर यायला लागली आणि इतर आयांसारखी कुंपणाला धरून "पेडल! पेडल!" म्हणून घसा फोडायला लागली. एका संध्याकाळी बायकांच्या गटात दोघीच होत्या, तिसरी असल्याशिवाय गट धरत नाहीत, तेव्हा कुणीतरी कुंपणाजवळच्या ट्रूडीच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. पुढे कोरीने सायकल सोडून गिटार धरली, मग गिटारही सोडली आणि डेन्व्हरला गेला. आईने मात्र धरलेलं सोडलं नाही. आमच्या नेब्रास्कातल्या या टीचभर गावात त्याचं कुणाला नवल नाही. तिच्या सासूला होतं, पण ती बिचारी गेली.

तिचा नवरा लेलँड धान्याच्या कोठारावरून निवृत्त झालेला. त्याने जन्मात कधी सायकलवर टांग टाकली नाही, पण ट्रॅकवर त्याच्यावाचून पान हलत नाही. शर्यतीआधी कोणत्या गटाने कुठल्या रांगेत उभं राहायचं हे ओरडून सांगणं त्याच्याकडे. तीस वर्षं कोठारातल्या यंत्रांच्या वरताण बोलून त्याचा आवाज असा झालाय की त्याला कर्णा लागत नाही. घरात मात्र तो इतका हळू बोलतो की ट्रूडीला दोनदा विचारावं लागतं.

तिच्या वयाच्या दोघीच उरल्या होत्या: ती आणि मार्लिस ओल्सन. तिसरी दोन्ही गुडघे बदलून ॲरिझोनाला राहायला गेली. गट धरत नाही म्हणून या दोघींना चाळिशीतल्या बायकांबरोबर सोडायचे. त्या चाळिशीतल्या बायका पहिल्या वळणाच्या आतच दिसेनाशा व्हायच्या. मग मागे खरी शर्यत सुरू व्हायची, ती शेवटून दुसरी कोण याची. या एवढ्याशा मानासाठी दोघी वीस वर्षं एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. वळणावर कोपर मारायच्या, चाकापुढे आडव्या यायच्या, हेल्मेटमधून नको ते बोलायच्या. हरणारीने पुढच्या मंगळवारी कोलाची, म्हणजे आलुबुखाराचं सारण भरलेले गोड पाव, भाजून आणायच्या हा रिवाज होता, आणि गेल्या काही वर्षांचा हिशेब मांडला असता तर दोघींचा मैदा जवळजवळ सारखाच खर्च झाला असता.

मग मार्लिसचा नवरा गॉर्डन गेला. ऐन हिवाळ्यात, अंगणातला बर्फ उपसताना. मार्लिस त्या वर्षी घराबाहेर पडली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती ट्रॅकवर परत आली, वाळलेली, केस कापून टाकलेली, आणि त्या उन्हाळ्यापासून ट्रूडी एकदाही जिंकली नाही.

कारण ट्रूडीचा डावा पाय गेला होता. म्हणजे होता जागेवरच, पण तिला त्याची वार्ता नव्हती. साखरेचं दुखणं तिला फार जुनं. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग तळव्याची आग व्हायला लागली, मग एक दिवस काहीच नाही. आग थांबली म्हणून तिने रविवारी चर्चमध्ये मनापासून देवाचे आभार मानले होते. थांबली म्हणजे बरी झाली असं नसतं, हे तिला पुढे कळलं, पायातली चप्पल कधीच निसटून गेली होती आणि ती तशीच अंगणभर हिंडत होती तेव्हा. हळूहळू ते बधिरपण घोट्याच्या वर चढलं.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. लेलँडला तर मुळीच नाही. लेलँडचा थोरला भाऊ एमिल याचा पाय साखरेनेच गेला होता, गुडघ्याखाली, आणि त्याची शेवटची दोन वर्षं लेलँडनेच काढली होती. ट्रूडीला ठाऊक होतं, याला कळलं की सायकल दुसऱ्या दिवशी विकली जाणार. आणि सायकल गेली की तिच्याकडे काय उरणार? चादरी. तिला या वयात आणखी काही नको होतं, एवढंच हवं होतं की आठवड्यातून एकदा टेकडीच्या माथ्यावर सायकली अडवून धरणारं गेट पडावं आणि आपण त्यावरून खाली सुटावं.

क्लिपच्या पेडलांमुळे तिचं हे गुपित निभावलं. बुटाच्या तळाला बसवलेली लोखंडी पट्टी पेडलमध्ये खट्कन अडकते आणि पाय जागचा हलत नाही. पाय काढायचा तर टाच बाहेर वळवायची, की सुटतो. पूर्वी ट्रूडीला ते अडकणं तळव्याला कळायचं. आता ती खट् ऐकू येण्याची वाट बघायची. पायाचं काम तिने कानावर सोपवलं होतं. पण शर्यतीत जोर कधी लावायचा हे कान सांगू शकत नाही, तिथे ती अर्धा क्षण मागे पडायची, आणि अर्ध्या क्षणात मार्लिस पुढे निघून जायची.

हरायचं तिला तितकं वाईट वाटलं नसतं. वाईट वाटायचं ते मार्लिसच्या वागण्याचं. दर मंगळवारी ट्रूडी इमानाने कोलाची घेऊन जायची, आणि मार्लिस डब्याकडे न बघता म्हणायची, "नको, मी गोड कमी केलंय." पूर्वी दोघी खुर्च्या शेजारी मांडून बसायच्या. आता मार्लिस आपली खुर्ची पार त्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ नेऊन ठेवायची. ट्रूडी मनाशी म्हणायची, नवरा गेलाय, माणूस बदलतं. पण कधीकधी तिला वाटायचं, आपण हरायला लागलो म्हणून ही आपल्याला मोजेनाशी झाली. तसं वाटलं की घरी जाईपर्यंत ती लेलँडशी बोलायची नाही.

जूनमध्ये एकदा पहिल्याच उडीवर तिचा पाय क्लिपमधून सुटला. तिला कळलंच नाही. सायकल वेडीवाकडी गेली तेव्हा कळलं. घाबरून तिने घरी येऊन पेडलचा स्प्रिंग आवळला. मग आणखी आवळला. हाताला लागेल तितका आवळला. क्लिप चालवणारा कुणीही सांगेल की इतका आवळलेला स्प्रिंग धडधाकट घोट्यालाही सुटायचा नाही. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण भीती वाटली की माणसाला माहीत असलेल्याचा उपयोग होत नाही.

पुढच्या मंगळवारी ती रांगेत येऊन थांबली. टाच वळवली. तिला वाटलं वळवली. पाय जिथे होता तिथेच राहिला, आणि ट्रूडी हॅवलिक जागच्या जागी, सगळ्यांना नीट बघता यावं इतक्या सावकाश, डावीकडे कलंडली. लेलँड पुढच्या गटाचं नाव पुकारत होता, तो अर्ध्यावर थांबला. त्याला तिच्या बुटाचे बंद सोडवून पाय बाहेर काढावा लागला.

"काय झालं गं?"

"विसरले."

"काय विसरलीस?"

"पाय काढायला."

"पाय काढायला कोण विसरतं?"

"म्हातारी बाई विसरते. आता उचलतोस, का माझ्या उरावर उभा राहून भाषण करणार आहेस?"

कोपर सोललं होतं, कमरेला मुका मार लागला होता. लेलँडने तिची सायकल गाडीत चढवली. मग एवढंच म्हणाला, "क्लिपा काढून टाकायच्या. सपाट पेडलं लावायची. पाय टेकवता आला पाहिजे."

ट्रॅकवर ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पेडलाबद्दल मत नसलेलं माणूस आमच्याकडे शोधून सापडणार नाही. देव आहे की नाही यावर लोक गप्प बसतील, पण पोलाद की प्लास्टिक म्हटलं की पुढे सरसावतील. चिप्सच्या पिशवीतच गरम खिमा आणि चीज घालून देणारी, खाण्याच्या टपरीच्या खिडकीतली बाई चमचा हातात धरून म्हणाली, "पोलादाचीच घे गं. काटे बुटात रुततात, पाय जागचा हलणार नाही. माझ्या जावयाकडे तीच आहेत."

"आणि नडगीची पार चाळण झालीय तुझ्या जावयाच्या," मागून कुणी म्हणालं.

"मग? चालवणाऱ्याची नडगी तशीच असायची. गुळगुळीत नडगी घेऊन काय चर्चला जायचंय?"

"प्लास्टिक घ्या, ट्रूडी. हलकं असतं. लागलं तरी लागत नाही."

"आणि पाऊस पडला की?"

"पाऊस पडला तर शर्यतच रद्द होते, शहाण्या."

ट्रूडी ऐकत होती आणि मनात भलताच हिशेब करत होती. प्लास्टिकवर पाय घसरेल आणि आपल्याला कळणार नाही. काटे निदान बूट धरून ठेवतील. तिने पोलादाची निवडली, चांगल्या उंच काट्यांची. पाण्याच्या टाकीजवळून मार्लिसने तिच्या सायकलकडे एकदा बघितलं. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलली. म्हणाली, "सपाट लावलीस? आणखी हळू जायचंय वाटतं?"

हे ट्रूडीला फार लागलं. 

त्या शर्यतीत पाय खरोखरच जागचा हलला नाही, निदान दुसऱ्या उंचवट्यापर्यंत. तिथे सायकल खडबडली, पेडल गर्रकन फिरलं, ट्रूडीने खाली बघून पाय पुन्हा ठेवला आणि ती पुढे गेली. शेवटची आली. मग तिने चिप्सची पिशवी घेतली, उभ्याउभ्या खाल्ली, दोन बायकांशी बोलली, सायकल गाडीत चढवली.

रोज संध्याकाळी जेवण झालं की लेलँड तिचे पाय तपासायचा. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं म्हणून. ट्रूडीला वाकून तळवा दिसत नसे. तो चष्मा लावून, दिव्याखाली तिचा पाय मांडीवर घेऊन बघायचा, मग तिला डोळे मिटायला सांगून एकेका बोटावर पेन्सिलीचं टोक टेकवून विचारायचा, "कळतंय?" ती म्हणायची, "कळतंय." हे करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, ठरलेल्या चालीने. चाल तिला पाठ झाली होती. त्याच्या खुर्चीच्या करकरण्यावरून तो कुठल्या बोटाशी आहे हे ती सांगू शकली असती.

त्या संध्याकाळी त्याने मोजा ओढला तर तो निघेना. रक्ताने चिकटून बसला होता. घोट्याच्या वर काट्यांच्या तीन खोल खोका होत्या. बुटातही रक्त साकळलं होतं.

"हे कधी?"

"दुसऱ्या उंचवट्यावर," ट्रूडी झटकन म्हणाली. तिलाही ते आत्ताच दिसत होतं. "झोंबलं मला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"शर्यत चालू होती ना."

"शर्यत संपल्यावर तू खात उभी होतीस."

"भूक लागली होती," ती म्हणाली.

लेलँडने गरम पाणी आणलं आणि जखम धुतली. दुसऱ्या दिवशी नर्सने पट्टी बांधली आणि जखम भरेपर्यंत सायकलचं नाव काढू नका म्हणाली. साखर असलेल्या माणसाची जखम आपल्या सवडीने भरते. जुलै गेला, ऑगस्टही निम्मा गेला. मंगळवारी लेलँड एकटाच ट्रॅकवर जायचा आणि ट्रूडी अंगणात खुर्ची टाकून बसायची. तिकडून वाऱ्यावर त्याचा आवाज यायचा, गटांची नावं पुकारणारा. मार्लिसचं नाव आलं की ती कान टवकारायची. मग शर्यत कशी झाली ते विचारायला तिला धीर व्हायचा नाही, आणि लेलँड आपणहून काही सांगायचा नाही.

पट्टी सुटली त्या संध्याकाळी तो पुन्हा दिव्याखाली बसला. पाय मांडीवर घेतला.

"डोळे मीट."

तिने मिटले.

"कळतंय?"

"कळतंय."

"आणि इथे?"

"तिथे पण."

"हे?"

"अरे हो. कळतंय म्हटलं ना."

"आता?"

"अंगठा," ट्रूडी म्हणाली. तिला जरा फुशारकी मारावीशी वाटली. "जोरात दाबतोयस."

खुर्ची करकरली नाही.  "डोळे उघड," लेलँड म्हणाला.

तिने उघडले. तो खुर्चीत मागे टेकून बसला होता, दोन्ही हात काखेत दाबून. तिचा पाय त्याच्या मांडीवर तसाच पडला होता.

"मी हात लावलेलाच नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

 तो ओरडला असता तर ट्रूडीला बरं वाटलं असतं, ओरडणाऱ्याला उलट बोलता येतं. तो नुसता बसून राहिला. त्याचं तोंड उतरलं होतं. आपला नवरा म्हातारा झालाय हे तिला त्या दिव्याखाली पहिल्यांदा दिसलं.

"कधीपासून?"

"मार्लिस परत आली त्याच उन्हाळ्यापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू सायकल विकली असतीस."

"विकली असती."

"बघ."

"एमिलला मी आंघोळ घालायचो, ट्रूडी," तो म्हणाला. "रोज. तुला माहीत आहे. ते पुन्हा माझ्याच्याने होणार नाही. तुझ्यासाठी करीन, करणार नाही असं नाही. पण होणार नाही माझ्याच्याने. थकलो मी." मग त्याने मोजा घेतला आणि तिच्या पायात हळूहळू चढवला, लहान मुलाला चढवतात तसा. ट्रूडी रडायला लागली. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि त्याचाही राग येत होता, दोन्ही एकदम.

सोमवारी ती कामावरून आली तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं आणि त्यावर तीन जोड मांडून ठेवलेले होते: जुन्या क्लिपा, पोलादाची काटेरी, आणि नवी कोरी लाल प्लास्टिकची. शेजारी लेलँड पाना घेऊन बसला होता.

"हे काय?"

"तूच निवड. मी निवडलं तर मरेपर्यंत ऐकवशील."

ट्रूडी खांद्यावरची पिशवी न काढताच खुर्चीवर बसली. क्लिपा उचलल्या. या पायाला धरून ठेवतील, पण सोडणार नाहीत. पोलादाची उचलली. तीही धरतील, पण तिथे रक्त वाहिलं तरी निरोप येणार नाही. प्लास्टिकची इतकी हलकी होती की हातात काही आहे असं वाटेना. ही काहीच करणार नाहीत. धरणार नाहीत, चावणार नाहीत.

"तू काय निवडलं असतंस?" तिने विचारलं.

"मोटारगाडी," लेलँड म्हणाला.

तिला हसू आलं. मग तिने लाल जोड त्याच्याकडे सरकवला. लेलँड उठून गॅरेजमध्ये गेला आणि ते बसवून आला. 

मंगळवारी शर्यतीआधीच्या सरावाला ती सुरुवातीच्या टेकडीवर चढली. पुढचं चाक गेटला टेकवलं, दोन्ही पाय पेडलांवर घेतले, डाव्याकडे वाकून बघितलं. होता. ध्वनिक्षेपकावरचा तो नेहमीचा कोरडा, ध्वनिमुद्रित आवाज तयार राहायला सांगत होता. अशा वेळी नजर समोर हवी, पहिल्या उंचवट्यावर. ट्रूडीची नजर बुटावर होती. दिवे लागले, गेट धाडकन पडलं, ती सुटली, आणि मान खाली घालूनच पेडल मारत राहिली, कारण वर बघितलं की पाय आहे की नाही कळत नव्हतं. पहिला उंचवटा चाकाखाली आला तेव्हाच तिला दिसला. अंगाने सवयीने उडी घेतली. खाली आली तेव्हा डावा पाय पेडलवर नव्हता. बाजूला हवेत लोंबत होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा, आणि तिला तो दिसला म्हणून कळलं.

ती पडली नाही. वळणाच्या आत तिने ब्रेक लावला, सायकल गवतात नेली आणि उतरली. मागून येणाऱ्या पोरी धूळ उडवत गेल्या. इतकी वर्षं आपण या ट्रॅकवर समोर बघत होतो, तिच्या मनात आलं. समोर बघण्यासाठीच यायचो. खाली बघत जायचं असेल तर ते धुलाईखान्यातही करता येतं. तिला वाटलं होतं की या क्षणी आपला जीव जाईल. तसं काही झालं नाही. फक्त कमालीचा शीण आला, आणि त्या शिणात थोडी सुटकाही होती. प्लास्टिकवरून गावात दुकानापर्यंत जाता येईल. त्या लाल पेडलांचं तेवढं काम.

सायकल ढकलत ती मैदानाच्या त्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ गेली. मार्लिस खुर्चीत बसून हातमोजे चढवत होती.

"मार्लिस, मी आज उभी राहत नाहीये."

"आज का?"

"आज नाही. पुढेही नाही."

मार्लिसचा हात मोज्यात अर्धवट राहिला. "बरं," ती म्हणाली. "कंटाळलीस म्हणायची शेवटी माझी कीव करून."

ट्रूडीला काही उमगेना. "कसली कीव?"

"सोंग घेऊ नकोस. वीस वर्षं तू मला कोपरं मारलीस. चाकापुढे आडवी आलीस. माझ्या आईवरून बोललीस एकदा. आणि गॉर्डन गेल्यावर मी परत आले, तर एकदम तू हरायला लागलीस. एकदा नाही, दरवेळी. वर कोलाची! नवरा मेला की बाई वेगवान होते होय गं? मला काय डोळे नाहीत? चर्चमधल्या बायका भांडी भरभरून जेवण आणायच्या, ते मी घेतलं, त्यांना दुसरं काही येत नाही. पण तू? सगळ्या गावात ही एक जागा होती जिथे मी विधवा नव्हते. तीही तू काढून घेतलीस."

 ट्रूडीने सायकल गवतात टाकली, मार्लिससमोर जमिनीवर बसली, डाव्या पायाचा बूट काढला आणि मोजाही काढला. खोका भरल्या होत्या, पण त्यांचे डाग अजून जांभळे होते.

"हा पाय मेलाय, मार्लिस. घोट्याच्या वरपर्यंत. तू परत आलीस त्याच उन्हाळ्यापासून. पेडलवर आहे की नाही हे मला कळत नाही. लेलँडलाही परवा कळलं, तेही त्याने मला पकडलं म्हणून."

मार्लिस त्या पायाकडे बघत राहिली. तिने मोजा न चढवलेलं बोट पुढे केलं, पण मधेच थांबवलं.

"म्हणजे तू मला जिंकू देत नव्हतीस."

"तुला? मी तुला जिंकू देईन?" ट्रूडीचा आवाज चढला. "अगं बाई, मी जीव तोडून हरत होते! आणि तू खुर्ची उचलून इकडे येऊन बसलीस. मला वाटलं, मी हरते म्हणून तुला माझी किंमत राहिली नाही."

"खरंच हरत होतीस?"

"दर मंगळवारी."

मार्लिसने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय की हसतेय हे ट्रूडीला पाठीमागून कळेना. तिकडून लेलँडचा आवाज आला: बायका, चाळिशीच्या पुढच्या, रांगेत या. मार्लिसने मनगटाने नाक पुसलं, हेल्मेट उचललं आणि उठली.

"म्हणजे आजपासून शेवटची मी," ती म्हणाली.

"हो."

"मागे कुणीच नाही."

"कुणीच नाही."

"मग बसून काय राहिलीस? कुंपणाशी जाऊन उभी राहा आणि बघ मला शेवटची येताना. आणि खबरदार कीव केलीस तर."

ती सायकल घेऊन रांगेकडे गेली. ट्रूडीने मोजा चढवला, बूट घातला, पाय आत नीट गेलाय का ते वाकून बघितलं, आणि कुंपणाकडे निघाली.